अहवालात न आलेलं कुलूप

मी संशयी आहे, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. दूधवाल्यानं माप ओतलं की मी मापाच्या आत डोकावून बघते. रिक्षावाला "जवळच आहे" म्हणाला की मी खाली उतरून दुसऱ्याला विचारते. नवरा दीपनगरच्या वीज केंद्रात आहे. तो म्हणतो, "तू ग्रामसेविका झालीस तेच बरं. पोलिसात गेली असतीस तर निम्मा जिल्हा आत असता." सासर जळगावला मेहरूणमध्ये आणि माहेर धुळ्यात, म्हणजे दोन्ही घरी माझ्या या स्वभावावर हसायला माणसं भरपूर आहेत. मी हसू देते. ज्याला सह्या करायच्या असतात त्यानं संशय घ्यायलाच हवा, असं मी पंधरा वर्षांच्या नोकरीत धरून चालले होते.

ग्रामसेवकाची सही म्हणजे काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. रहिवासी दाखला, घराचा उतारा, शौचालयाचा दाखला, सगळ्यांच्या खाली आमची सही. चौकशी लागली की दाखला नेणारा नामानिराळा राहतो आणि सही करणारा उभा राहतो. त्यात मी बाई. या नोकरीतल्या पुरुषाला सगळं गाव "भाऊसाहेब" म्हणतं, दाराशी आला तर आधी चहा देतं. मला "मॅडम" म्हणतात आणि माझ्याकडे कागद आधी सरकवतात.

ज्या गावाचं मी सांगते आहे ते सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जिल्ह्यात. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचे फोन येतील. बाजू दोनच. एक आबांची. आबा केळीचे बागायतदार, पांढरं धोतर, बोलणं हळू, आणि ते बोलत असले की मला नेहमी वाटायचं, हे जे बोलतायत ते सोडून दुसरंच काहीतरी ह्यांच्या मनात चाललंय. दुसरी बाजू शेठची. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ खान्देशी बोलतो ती आबांनाही लाजवेल अशी. त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि त्या दुकानातल्या बाकावर निम्मं गाव बसलेलं असतं.

पंचायत नऊ जणांची. निवडून आले तेव्हा आबा आणि शेठ एकत्र होते आणि मारुतीच्या पारावर ठरलं होतं, निम्मी मुदत आबा सरपंच, उरलेली निम्मी शेठचा माणूस. हे आमच्याकडे सर्रास चालतं. त्याचा कागद कुणी करत नाही. नारळावर हात ठेवतात आणि झालं. निम्मी मुदत भरली तसा आबांनी खरोखर राजीनामा दिला. मी तर थक्क झाले. पण आठवडाभरात आबांचा पुतण्या उभा राहणार असं गावात कळलं. शेठ पारावर येऊन ओरडला तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "आपलं माझ्यापुरतं ठरलं होतं. पुतण्याचं काही ठरलं नव्हतं."

आबा आणि पुतण्या धरून आबांचे चार सदस्य, शेठचे चार. नववी जागा रिकामी होती. ती जागा नाल्यापलीकडच्या पाड्याची, आदिवासी महिलेसाठी राखीव. तिथल्या सदस्य बाईला दुसऱ्या गावी अंगणवाडी मदतनीस म्हणून नोकरी लागली आणि तिनं सदस्यपद सोडलं. त्यामुळे त्या एका जागेची पोटनिवडणूक लागली, आणि ज्याचा उमेदवार निवडून येईल त्याचा सरपंच, हे शाळेतल्या पोरालाही कळत होतं. ज्या पाड्याकडे कधी कुणी फिरकत नव्हतं त्या पाड्यावर एकाच दिवशी चार-चार मोटारसायकली दिसायला लागल्या.

शेठनं ज्या बाईला उभं केलं ती पावरा समाजाची, तिशीच्या आसपासची. नवरा शिरपूरकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, दोन्ही मुलं आश्रमशाळेत, घरी ती आणि सासू. उमेदवारी अर्जाला शौचालयाचा दाखला लागतो, घरात शौचालय आहे आणि त्याचा वापर आहे असा. तो माझ्याकडून न्यायला ती आली तेव्हा मी विचारलं, "शेठनं सांगितलं म्हणून उभी राहतेस का?"

ती म्हणाली, "शेठ सांगो नही ते आबा सांगो. नालाना अल्लाड नळ शे, पल्लाड आम्ही शेतस. पाणी काय उडी मारीसन येस का?"

तेवढंच तिचं म्हणणं. नळाची पाइपलाइन नाल्याच्या गावाकडच्या काठापर्यंत आलेली होती आणि तिथं थांबली होती. पाड्यातल्या बायका नाला उतरून, हंडे भरून, परत चढून जायच्या. पावसाळ्यात नाला भरला की दोन-दोन दिवस गढूळ पाणी. नवीन पाणी योजनेचं काम मंजूर होत आलं होतं आणि पाइप कुठून कुठे जाणार तो ठराव पंचायतीत व्हायचा होता. शेठनं तिला शब्द दिला होता की आमचा सरपंच झाला तर पाइप नाला ओलांडेल. तिचं एक मत आणि त्या बदल्यात पाइप, असा सरळ हिशेब होता.

मी दाखला बसल्याजागी दिला नाही. पाड्यावर गेले. घराच्या मागे सरकारी योजनेतलं शौचालय होतं. असल्या शौचालयांत मी मक्याची कणसं बघितली आहेत, कोंबड्या बघितल्या आहेत, एकदा तर हाराभर गोवऱ्या. हे स्वच्छ होतं. पाण्यानं भरलेला डबा, खराटा, सगळं. तरी मी दोन बादल्या पाणी ओतून बघितलं, कोनाडे बघितले, दाराची कडी लावून काढून बघितली. बाई दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, आते बसीसन बी देखतस का?" तिची सासू पदर तोंडात धरून हसली. मला राग आला आणि हसूही आलं. मी दाखला दिला.

ती अकरा मतांनी निवडून आली. मोजणी तहसीलला झाली. आबांच्या लोकांनी फेरमोजणी मागितली, ती झाली, अकराच निघाली. मग त्यांनी तिच्या वयावर हरकत घेतली, ती फेटाळली गेली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी तिच्या हातात प्रमाणपत्र दिलं, शेठच्या लोकांनी गुलाल उधळला, आणि मी समजले संपलं. पण बाहेर चहाच्या टपरीवर आबांची माणसं उठून जायचं नाव घेत नव्हती. एकजण वहीतले कागद फाडून काहीतरी लिहीत होता. आबा मला बघून हसले आणि "चहा घ्या मॅडम" म्हणाले. मी घेतला नाही. आबांच्या चहानंतर काहीतरी मागणं येतं असा माझा अनुभव होता.

आता इथे एक सांगायला हवं. निवडून आलेल्या माणसाला प्रमाणपत्र मिळालं तरी त्याचं नाव तहसीलकडून प्रसिद्ध व्हावं लागतं, आणि सरपंच निवडीच्या सभेची नोटीस त्या यादीवरून निघते. म्हणजे प्रमाणपत्र हातात आणि नाव यादीत नाही, असे काही दिवस मध्ये जातात. त्याच दिवसांत सगळी भानगड झाली.

निकालानंतर दुसऱ्याच दिवशी गावात सदस्य दिसेनासे झाले. आमच्याकडे ह्याला सहल म्हणतात. सरपंच निवड जवळ आली की दोन्ही बाजू आपापले सदस्य जीपमध्ये घालून कुठेतरी नेतात, फोन काढून घेतात, चांगलंचुंगलं खायला घालतात आणि सभेच्या दिवशी थेट पंचायतीच्या दारात आणून उतरवतात. मध्ये कुणी फुटू नये म्हणून. आबांचे चौघे धुळ्याकडे कुणा पाहुण्याच्या मळ्यात होते म्हणे. शेठचे कुठे होते ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी सापुतारा म्हणे, कुणी शिर्डी. पंचायतीचे शिपाई, त्यांना सगळे नाना म्हणतात, निवृत्तीला आलेले, ते झाडू बाजूला ठेवून म्हणाले, "बठ्ठी पंचायत सहलले गयी, मॅडम. आपन दोनच उरनूत." मी हसले. आठ सदस्य आठ दिशांना पळवलेत, असं मी घरी फोन करून नवऱ्यालाही सांगितलं. नववीचं माझ्या मनातच आलं नाही.

आठवडा गेला आणि तहसीलचं पत्र आलं. नवीन सदस्य बाईच्या शौचालयाबद्दल तक्रार आली आहे, वापर होत नाही, दाखला खोटा आहे. ग्रामसेवकांनी तातडीनं स्थळपाहणी करून उद्यापर्यंत अहवाल द्यावा. तोपर्यंत नाव प्रसिद्ध करणं थांबवलं आहे.

"दाखला खोटा आहे" हे तीन शब्द मी कितीदा वाचले असतील कोण जाणे. दाखला माझा होता. भीती वाटली की मला जे होतं तेच झालं, म्हणजे राग आला. मी नानांना घेतलं आणि पाड्यावर गेले.

घराला कुलूप होतं. मोठं, पितळी. शेजारच्या बायकांना विचारलं, "बाई कुठं आहे?"

"गावले गयी."

"कोणत्या गावाला?"

"माहीत नही."

"कधी येणार?"

"माहीत नही."

सगळ्याजणी नाल्याकडे बघत उत्तरं देत होत्या. मला तिथंच पटलं की काहीतरी लपवतायत. घराच्या मागे गेले. शौचालयाच्या दाराला कपाशीच्या काड्यांचा भारा टेकवलेला. आत जमीन कोरडी ठणठणीत. डबा पालथा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कोळ्यानं जाळं विणलेलं, आणि पाल. मी तशीच उभी राहिले आणि माझ्या डोक्यात सगळं चित्र तयार झालं. मी येणार म्हणून त्या दिवशी शेठनं माणसं लावून साफ करून घेतलं. डबा भरून ठेवला. सासू हसली ती मला हसली. आता तक्रार झाल्याचं कळलं म्हणून कुलूप लावून पळाली. मला बनवलं.

खरं सांगते, त्या वेळी मला बरंही वाटलं. आपला संशय खरा ठरला की माझ्यासारखीला जे बरं वाटतं ते.

शेजारच्या दोघांना पंच करून मी तिथंच पंचनामा लिहायला घेतला. जमीन कोरडी, डबा पालथा, कोळ्याचं जाळं, दाराला काड्या टेकवलेल्या, सध्या वापर नसल्याचे दिसून येते. नाना मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "मॅडम, घरले कुलूप शे ते लिखत नहीत का?"

मी म्हणाले, "शौचालयाचा अहवाल मागितलाय नाना, घराचा नाही."

मला पक्कं माहीत होतं मी काय करते आहे. कुलूप लिहिलं असतं तर तिला सुटायला वाट मिळाली असती, "मी घरी नव्हते" म्हणायला. आणि मला तिला ती वाट द्यायची नव्हती. अर्जावर तिचा फोन नंबर होता, माझ्या रजिस्टरमध्येही होता. तो लावून बघावा असंसुद्धा मला वाटलं नाही. पळालेल्या माणसाला कोण फोन करतं?

माझ्या अहवालावर तहसीलनं तिचं नाव चौकशीसाठी थांबवलं. सभेची नोटीस आठच जणांना निघाली.

सभेच्या दिवशी सकाळी पंचायतीसमोर पोलीस होते, दोन्हीकडची माणसं होती, सभा चालवायला तहसीलमधून आलेले अध्यासी अधिकारी खुर्चीवर बसले होते. आबांचे चौघे आले, टवटवीत, पांढरे कपडे. मग शेठच्या दोन जीपा आल्या. पहिलीतून चौघे उतरले. दुसरीतून ती उतरली. नवी जांभळी साडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं प्रमाणपत्र. तिच्या मागून सासू उतरली, काठी टेकत. बाईमाणसाला एकटीला कसं न्यायचं म्हणून शेठनं सासूलाही बरोबर नेलं होतं, आणि आश्रमशाळेतल्या मुलांसाठी तिचा फोन तिच्याकडेच राहू दिला होता, हे मला नंतर कळलं. घरात मागे कुणी उरलंच नव्हतं.

मी दारात उभी होते. जीपचं दार उघडलं तेव्हाच मला सगळं कळलं. आठ दिवस. कोळ्याला जाळं विणायला आठ दिवस पुष्कळ झाले. वापर नव्हता कारण वापरणाऱ्या दोघी घरी नव्हत्या, आणि घरी नव्हत्या कारण तिच्याच बाजूच्या माणसांना ती फुटेल अशी भीती होती. शेजारणी गप्प होत्या कारण शेठनं त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. ह्या गावात इतकी वर्षं काढून, सहल म्हणजे काय ते माहीत असून, मला तेवढं दोन आणि दोन चार करता आलं नव्हतं.

अधिकारी म्हणाले, "बाई, तुमचं नाव यादीत नाही. तुम्हाला आत बसता येणार नाही."

"नाव कसं नही? मी निवडीसन उनी ना?" तिनं पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. अधिकाऱ्यांनी ते बघितलं, परत दिलं आणि माझ्याकडे बोट केलं, "अहवाल यांचा आहे." शेठ ओरडायला लागला, पोलीस पुढे आले. ती ओरडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडून तेव्हा एक शब्द निघायला हवा होता. नोटीस आठांची, सभा आठांची, आता बोलून काय उपयोग, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मी घाबरले होते.

चार आणि चार. चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी आबांच्या पुतण्याच्या नावाची निघाली.

दुपारी मी दप्तर आवरत होते तेव्हा आबा आत आले. सरपंचपद सोडल्यापासून सभा नसताना ते कधी आत येत नव्हते, ओट्यावर बसायचे. खुर्ची ओढून बसले आणि फार मायेनं म्हणाले, "मॅडम, तक्रार देताना आम्ही तहसीलमध्ये मुद्दाम सांगितलं होतं, तपासणी मॅडमनीच करावी. दुसरा कुणी असता तर फोन लावून विचारत बसला असता, घरमालकीण येईस्तोवर थांबला असता. तुमच्यावर आमचा भरवसा होता."

तक्रार नेमकी आठव्या दिवशी का झाली ते मला तेव्हा कळलं. शेठनं लपवाछपवी केली आणि आबांनी त्या लपवाछपवीवर आपली चाल बसवली. आणि दोघांच्या मध्ये त्यांनी मला बसवलं, माझा स्वभाव ओळखून. आजवर इतक्या माणसांचा मी संशय घेतला, पण माझ्या संशयाचा कुणी उपयोग करून घेईल हा संशय काही मला आला नव्हता. आबा गेल्यावर मी दार लावून रडले. लाजेनं रडले, हे सांगायला हवं.

पुढं प्रकरण जळगावला जिल्हाधिकारी कचेरीत गेलं. तारखा पडत गेल्या. ती दर तारखेला पहाटेच्या एसटीनं यायची, मेळाव्याला यावं तशी भाकरी बांधून, प्रमाणपत्राची पिशवी मांडीवर. शेठचा वकील सुरुवातीला यायचा, मग येईनासा झाला. माझी साक्ष जवळ आली तसा शेठ घरी आला. "मॅडम, अहवालात चूक झाली एवढं म्हणा, बाकी मी बघतो." दुसऱ्या दिवशी आबांचा पुतण्या आला. "मॅडम, लिहिलंय तेवढंच बोला. जास्त बोललात तर तुमच्यावरच येईल." दोघांचाही मला संशय आला, आणि या वेळी दोन्ही संशय खरे होते.

साक्षीच्या दिवशी तिला आधी विचारलं गेलं, तुमची तक्रार कुणाविरुद्ध आहे. मला वाटलं आबांचं नाव घेईल. ती म्हणाली, "आबा नि शेठनं भांडण शे, ते भांडतीन. मॅडम कोन्हीच बाजूना नही व्हत्यात. त्यासनी एकदाव फोन करीसन माले इचारं नही." सुनावणी घेणारे साहेब मराठवाड्यातले होते, त्यांना बोली नीट कळली नसावी. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतात त्या?"

तिचं बोलणं त्यांना सांगायचं कामही माझ्याच वाट्याला आलं. मी सांगितलं, एक शब्द न गाळता. मग म्हणाले, "साहेब, त्या दिवशी घराला कुलूप होतं. मी ते अहवालात लिहिलं नाही. विसरले नव्हते. मुद्दाम लिहिलं नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "का?"

"मला वाटलं त्या पळाल्या."

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. पुढे वेतनवाढ रोखली गेली. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, निदान इतरांना वाटतं तेवढं वाटलं नाही. महिन्याभरात तिच्या बाजूनं निकाल लागला आणि तिचं नाव प्रसिद्ध झालं. मी तिला मासिक सभेची नोटीस द्यायला स्वतः पाड्यावर गेले. तिनं अंगठा न लावता सही केली, हळूहळू, एकेक अक्षर काढत. बसा म्हणाली नाही.

पण तोवर गावात पाणी बरंच वाहून गेलं होतं. शेठ आणि आबा पुन्हा एक झाले होते. कधी झाले, कुठे झाले, कुणाला कळलं नाही. झालेल्या सरपंच निवडीवर कुणी हरकत घेतली नाही; पुतण्या सरपंच राहिला आणि शेठचा माणूस उपसरपंच झाला. दुकानाच्या बाकावर आता आबाही बसलेले दिसायचे. ज्या एका मतासाठी दोघांनी गाव पेटवलं होतं, ते मत आता कुणालाच नको होतं.

तिची पहिली मासिक सभा. विषयपत्रिकेवर पाणी योजनेच्या पाइपलाइनचा मार्ग होता. सरपंचानं वाचून दाखवलं, लाइन गावाच्या पूर्वेला, नवीन प्लॉट पडलेत तिकडून न्यायची. त्या प्लॉटांत कुणाकुणाची जमीन आहे हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. ती उभी राहिली. "नि नाला? पाड्यावर पाइप लई जासूत असं म्हणे व्हते ना शेठ?" शेठ सदस्य नव्हता, तो बाहेर ओट्यावर होता. त्याचे चौघे टेबलाकडे बघत राहिले. उपसरपंच म्हणाला, "पुढच्या टप्प्यात घेऊ." सरपंचानं हात वर करायला सांगितलं. आठ हात वर झाले. मग विरोधात कोण, म्हणून विचारलं. तिनं एकटीनं हात वर केला आणि नोंद घेतली म्हणून मी मान हलवेपर्यंत तो खाली घेतला नाही.

मी प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या वहीत, लिहिलं: बाजूने आठ, विरोधात एक. तिचं पूर्ण नाव लिहिलं. तिनं पाड्याच्या पाइपची मागणी केली होती तीही लिहिली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. सभा संपली, सगळे उठले. ती उठली नाही.

"मन्हं नाव लिखं का?"

"लिहिलं."

"पाइपनं?"

"तेही लिहिलं. वाचून दाखवते, थांब." मी वही तिच्याकडे वळवली आणि वाचायला तोंड उघडलं.

"तुम्ही नका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दाराशी नाना चहाचे कप गोळा करत होते, तिनं त्यांना हाक मारली. "नाना, इकडे या. मॅडमनी काय लिखं, ते तुम्ही वाचीसन दखाडा."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची मागे सरकवून त्यांना जागा करून दिली. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या अक्षरावर बोट ठेवून एकेक शब्द वाचायला सुरुवात केली. ती त्यांच्या बोटाबरोबर वाकून बघत होती. ते संपवेपर्यंत मी उभी राहिले.